घरदुरुस्तीची साइट सांभाळायची आहे? मराठवाड्यात या कामाला लागणाऱ्या मुलींसाठी

लातूर, नांदेड, परभणी, जालना, कुठल्याही गावातल्या जुन्या कॉलनीतून एक चक्कर मारा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बांधलेली घरं आता एकेक करून दुरुस्तीला निघाली आहेत. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलंय म्हणून वर दोन खोल्या चढवायच्या आहेत, कुणाला म्हाताऱ्या आईसाठी संडास घरात घ्यायचाय, कुणाला कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा करायचाय. घरमालक ओळखीच्या मिस्त्रीला सांगतो. मिस्त्री मेहुण्याला प्लंबर म्हणून घेऊन येतो. वायरमनला फक्त रविवारी वेळ असतो. दीड महिन्याचं काम पुढच्या दिवाळीवर जातं आणि घरातली बाई तोवर अंगणात पत्र्याखाली स्वयंपाक करत राहते.

या सगळ्यांच्या मधे उभं राहून ठरलेलं काम ठरलेल्या पैशात आणि ठरल्या दिवसांत करवून घेणं हा एक स्वतंत्र धंदा आहे. कार्डावर तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर लिहा, साइटवर तुम्हाला 'कामावरच्या मॅडम' म्हणतील. इंटेरियर म्हटलं की पडदे, रंग आणि मोबाइलवरची थ्रीडी चित्रं डोळ्यांसमोर येतात. तो डिझायनरचा भाग झाला आणि तो चांगलाच असतो. इथे मी बोलणार आहे ते चित्र कागदावरून भिंतीवर आणणाऱ्या बाईबद्दल. तिचं निम्मं काम टेप आणि वहीवर चालतं, उरलेलं माणसांवर.

शिकायचं कुठं

दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा हा सरळ रस्ता. लातूरला मुलींसाठी शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनच आहे, त्यामुळे खेड्यातल्या मुलीचा राहण्याचा प्रश्न सुटू शकतो. आयटीआयमधला ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेडही उपयोगी पडतो, कारण नकाशा वाचता येणं आणि काढता येणं हे दोन्ही त्यात हाताखालून जातं. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर उत्तमच, पण पदवी झालेल्या कितीतरी मुलांना चौकटीचा गुण्या, म्हणजे काटकोन, कसा बघायचा ते माहीत नसतं. त्यामुळे शिक्षण कुठलंही असो, नंतरची किमान दोन वर्षं दुसऱ्याच्या साइटवर घालवा.

कुणाच्या साइटवर, हे मात्र नीट निवडा. मोठ्या बिल्डरकडे दहा मजली इमारतीवर लागलात तर वर्षभर काँक्रीटच्या क्यूबचं, म्हणजे चाचणीच्या ठोकळ्यांचं, रजिस्टर भरत बसाल. त्यापेक्षा एकाच वेळी चार-पाच लहान दुरुस्त्या चालवणारा गुत्तेदार किंवा आर्किटेक्ट गाठा. पगार कमी देईल. पण तोडफोडीपासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत सगळं दोन महिन्यांत एकदा डोळ्यांखालून जाईल, आणि वर्षात पाच-सहा वेळा जाईल.

घरचे म्हणतील, हे बाईचं काम आहे का. त्यांना किल्लारीची गोष्ट सांगा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचा मोठा सरकारी कार्यक्रम चालला. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका त्यात 'संवाद सहायक' झाल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांची बांधणी केली होती. घरमालकांना तंत्र समजावून सांगणं, काम नीट होतंय का बघणं, इंजिनिअर आणि गावकऱ्यांच्या मधे उभं राहणं हे त्यांनी केलं. त्यातल्या बऱ्याच जणींनी त्याआधी सरकारी कचेरीची पायरीही चढलेली नव्हती. तेव्हा ही वाट आपल्याकडे नवी नाही.

पहिली भेट: कमी बोला, भिंती बघा

मालक तुम्हाला आत नेतो आणि लगेच सांगायला लागतो की इथे टीव्ही युनिट, इथे फॉल सीलिंग. ऐकून घ्या, लिहून घ्या आणि मग एकट्याने घरभर फिरा. पाच मीटरची टेप, लांब खोल्यांसाठी लेझर मीटर, टॉर्च, लहान हातोडी आणि वही एवढं पुरतं.

आपल्याकडे पहिली शंका घ्यायची ती भेगांची. मराठवाड्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातलेलं घर तिच्याबरोबर वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग दिसली तर ती पुट्टीने भरायची गोष्ट नाही. ती जिवंत आहे की जुनी, हे बघायला सोपा उपाय आहे: भेगेवर आडवा पीओपीचा पातळ पट्टा लावायचा आणि त्यावर तारीख लिहायची. महिन्या-दोन महिन्यांनी पट्टा तडकला असेल तर पाया अजून हलतोय. मग आधी शोधायचं ते पाणी. फुटलेलं ड्रेनेज, भिंतीला लागून सोडलेलं न्हाणीचं पाणी, पावसाळ्यात घराभोवती साचणारं डबकं. बऱ्याचदा घराभोवती उताराचा कोबा करून पाणी लांब काढलं की भेगेची भूक थांबते. त्याआधी रंगावर पैसे घालवू नका आणि मालकालाही घालवू देऊ नका.

मग लोणा. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंग सुटून पांढरी भुकटी पडत असेल तर जमिनीतून ओल चढतेय आणि बरोबर क्षार आणतेय. बोअरच्या खाऱ्या पाण्याने बांधलेल्या घरांत हे हमखास दिसतं. त्यावर नुसता नवा गिलावा मारला तर दोन पावसाळ्यांत लोणा परत हजर. पुढे स्लॅबखाली उभं राहा, हातोडीने हलकं ठोका. आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला, गज गंजून फुगलेले दिसले, काँक्रीटची पापुद्री सुटलेली असली, तर तिथं तुमचा अधिकार संपतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि त्याचं मत लेखी घ्या.

हेच ओपन किचनचं. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडून द्या, असं आजकाल प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. कॉलम-बीमच्या घरात मधली चार इंची भिंत बहुतेक वेळा निघते. पण जुन्या घरात नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंत दिसली तर ती वरचा स्लॅब उचलून उभी असू शकते. माळवदाच्या घरात तर भिंतीवरच सगळा भार. किल्लारीत जीव गेले ते मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद कोसळून. म्हणून माळवदावर आणखी माती, टाकी किंवा पत्र्याची खोली चढवायची म्हणणाऱ्या मालकाला सरळ नाही म्हणा. काम गेलं तर जाऊ द्या.

रंग, गिलावा, फरशी असल्या आतल्या कामाला सहसा पालिकेची परवानगी लागत नाही. खोली वाढवणं, मजला चढवणं, ढाच्याला हात लावणं याला लागते. मालक 'आपल्या ओळखीचं आहे' म्हणाला तरी कागद बघितल्याशिवाय घण चालू देऊ नका.

एस्टिमेट

इथे घाई करणाऱ्या मुली पुढे रडतात. एस्टिमेट म्हणजे एका कागदावर शेवटचा आकडा नव्हे. खोलीवार, कामवार, मापासकट लिहायचं: काय तोडायचं, काय ठेवायचं, कुठलं मटेरियल, कुणाचं, आणि काय यात धरलेलं नाही. मलबा कोण उचलणार हे लिहिलं नाही तर तो तुम्हीच उचलणार, असं समजा.

मापं ज्याची त्याची वेगळी. वाळू आणि खडी ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांवर. फरशी, गिलावा, रंग चौरस फुटावर. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची फरशीची पट्टी), ओट्याची कड, पाइप धावत्या फुटावर. खिडकी-दाराची जागा गिलाव्याच्या मापातून वजा करायची की नाही, यावरून प्रत्येक साइटवर एकदा तरी वाद होतो, कारण मिस्त्री म्हणतो की आतल्या कडा आम्हीच मारतो. दोन्ही पद्धती चालतात. कामाआधी ठरवून लिहा म्हणजे झालं.

एक हिशेब करून दाखवते. 12 बाय 14 ची खोली म्हणजे 168 चौरस फूट. चार इंची स्कर्टिंगसाठी चारी भिंती 52 फूट, तीन फुटांचं दार वजा, 49 फूट. त्याचे साधारण 16 चौरस फूट. झाले 184. तुटफूट आणि काप यांना आठ टक्के धरले की 199 च्या आसपास. आता दुकानदार म्हणेल, दोन बाय दोनची फरशी, पेटीत चार, म्हणजे पेटी सोळा फुटांची. ती फरशी असते 600 मिलिमीटरची, पुरी दोन फूट नसते, म्हणून पेटी भरते 15.5 चौरस फूट. एका खोलीला 13 पेट्याच लागतात, फरक दिसत नाही. अख्ख्या घराच्या 900 फुटांना मात्र दोन पेट्या कमी पडतात, आणि त्या आणायला जाल तेव्हा तो बॅच संपलेला असतो. नव्या बॅचची छटा वेगळी. मालकीणबाईंना ती दारातूनच दिसते.

काम द्यायच्या तीन तऱ्हा आहेत. मटेरियलसकट गुत्ता, नुसत्या मजुरीचा गुत्ता आणि हजेरी, म्हणजे रोजंदारी. जिथे माप निघतं तिथे मजुरीचा गुत्ता बरा, उदाहरणार्थ फरशी, गिलावा, रंग. जिथे तोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, म्हणजे जुनं ड्रेनेज, सडलेली चौकट, तिथे हजेरीवरच घ्या, नाहीतर गुत्तेदार भीतीपोटी दुप्पट सांगतो किंवा मधेच पळतो. आणि एकूण रकमेवर दहा टक्के 'अचानक निघणारं काम' म्हणून वेगळे दाखवा. हे पैसे लागणारच नाहीत असं जुनं घर सापडणं कठीण.

कुणानंतर कोण

दुरुस्तीची निम्मी अक्कल या क्रमात आहे. आधी तोडफोड आणि मलबा. मग नवं बांधकाम, चौकटी. मग वायरमन आणि प्लंबर भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारतात, पाइप टाकतात. त्यानंतर गिलावा, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. मग पीओपी, फरशी, पुट्टी, रंगाचा पहिला हात. मग फर्निचर. शेवटी नळ, स्विच, दिवे आणि रंगाचा शेवटचा हात. पीओपी आधी की फरशी आधी, यावर दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलतात. मी पीओपी आधी करवून घेते, कारण परांचीच्या पायांनी आणि सांडलेल्या पीओपीने नव्या फरशीचं जे होतं ते कितीही गोणपाट अंथरलं तरी होतंच. फरशी आधी बसलीच असेल तर तिच्यावर पीओपीचाच पातळ थर प्लॅस्टिकसकट देऊन ठेवा.

झिऱ्या बुजायच्या आधीचा दिवस तुमचा. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप भिंतीला लावून, कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असा. पुढे कुणी देवाची तसबीर लावायला ड्रिल मारेल तेव्हा हाच फोटो पाइप वाचवेल. वायरचं जाडपण बघा: दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, एसी आणि गीझरला 4 चौरस मिलिमीटर. वायरमन 'सगळीकडे दीडच टाकू मॅडम, काही होत नाही' म्हणतो. होतं. आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, एस्टिमेटमधून कापू देऊ नका. कूलरला हात लावून शॉक बसल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात.

ओट्याच्या उंचीसाठी पुस्तक उघडू नका. घरात स्वयंपाक जी करते तिला उभी करा. कोपरापासून चार इंच खाली, असा अंदाज घ्या. बहुतेक बायकांना ते 32 ते 34 इंचांच्या मधे येतं. वर शेगडीची उंची वेगळी चढते. रोज भाकरी थापणाऱ्या घरात थापायची जागा आणखी थोडी खाली लागते, नाहीतर खांदे भरून येतात. हा प्रश्न पुरुष गुत्तेदार विचारत नाहीत. तुम्ही विचाराल, आणि त्या घरातून पुढची दोन कामं तुम्हाला त्या एका प्रश्नामुळे मिळतील.

बाथरूम

तक्रारीचा फोन येतो तो बाथरूमचाच. म्हणून याला वेळ द्या.

पाइप टाकून झाले की सगळी तोंडं बंद करून पंपाने दाब द्या, काटा लिहून ठेवा, काही तासांनी परत बघा. काटा उतरला तर सांधा शोधा. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप, हे तपासा. थंड पाण्याचा यूपीव्हीसी गीझरच्या लाइनला लावलेला मी पाहिला आहे. मग तळ साफ धुऊन वाळवायचा आणि जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात वाटा मारायचा, म्हणजे कोपरा गोल होतो आणि वॉटरप्रूफिंगचा थर तिथे तुटत नाही. थर भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याएवढा वर न्या.

त्यानंतर दाराला विटांची बुटकी आडभिंत घालून, जाळी बंद करून पाणी तुंबवायचं. 48 तास. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारा. खालच्या छताला आणि मागच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ हात लावून बघा. उन्हाळ्यात रेघ थोडी उतरतेच, बोटभर उतरली तर मात्र उकरा. मिस्त्री म्हणेल, दोन दिवस रिकामे जातात. जाऊ द्या. ते दोन दिवस तुमच्या वेळापत्रकात पहिल्यापासून लिहिलेले असले की कुणाला बोलायला जागा राहत नाही.

फरशी बसताना उतार जाळीकडे, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. बसल्यावर तांब्याभर पाणी चारी कोपऱ्यांत ओता आणि ते कुठं जातंय ते बघा. नाण्याने प्रत्येक फरशी वाजवा. पोकळ वाजणारी त्याच दिवशी काढायला लावा, कारण दुसऱ्या दिवशी मिस्त्री दुसऱ्या गावाला असतो. आपल्या बोअरच्या जड पाण्याने नळांच्या जाळ्या आणि पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारे भिंतीतले डायव्हर्टर क्षाराने बंद होतात. लाइनच्या सुरुवातीला गाळणी द्या आणि ती काढून धुता येईल अशा जागी द्या, सुंदर पॅनेलच्या मागे नको.

पाणी मारणं

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात सिमेंटला पाणी मारा म्हणून सांगणं सोपं नाही, पण टाळताही येत नाही. नव्या काँक्रीटला साध्या सिमेंटमध्ये किमान 7 दिवस, आपल्यासारख्या कोरड्या उन्हाळ्यात 10, आणि राख मिसळलेलं पीपीसी वापरलं तर 14 दिवस ओल राहिली पाहिजे. गिलाव्यालाही आठवडाभर. पाइप धरून फवारलं की अर्धं पाणी वाफ होऊन जातं. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा, भिंतीला पहाटे आणि दिवस मावळल्यावर पाणी द्या. टँकरचा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ म्हणून दाखवा. पाणी पिण्यासारखं हवं. जिभेवर खारट लागणारं बोअरचं पाणी काँक्रीटला नको, आतल्या सळईला ते खातं.

शक्य असेल तर मे महिन्यात स्लॅब टाकूच नका. आणि स्लॅबखालचे टेकू घाईने काढू देऊ नका. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला 7 दिवस, त्यापुढे 14. बीमला 14 ते 21. सेंट्रिंगवाल्याला त्याच्या प्लेटा दुसरीकडे लावायच्या असतात, म्हणून तो पाचव्या दिवशीच दारात उभा राहतो.

माणसं

साइटवर तुमच्या दुप्पट वयाचा मिस्त्री असतो. त्याला अरे-तुरे करू नका आणि त्याच्यासमोर लाजूही नका. मामा, चाचा, भाऊ, जे शोभेल ते. फर्निचरवाले राजस्थानचे, पीओपीवाले बिहार-उत्तर प्रदेशचे असतील तर हिंदी लागेल, आपल्याकडची दखनीही चालते. चूक दिसली तर चारचौघांत बोलायचं नाही. आणि 'वाकडं दिसतंय' असं तर कधीच म्हणू नका, कारण दिसण्यावर वाद होतो. एकदा एका भिंतीला ओळंबा लावायला सांगितला तर मिस्त्री म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं झाली भिंती बांधायलोय." म्हटलं, "मामा, तुमच्या हाताची शंका नाही, बिलाला माप लागतंय. हे टोक तुम्हीच धरा." दोरी त्यांनी धरली, फरक त्यांनीच मोजला, चार सूत. मग तेच पोराला म्हणाले, वरचे तीन थर काढ रे. माप ज्याच्या हाताने निघतं त्याच्याशी भांडावं लागत नाही.

पैसे आठवड्याला द्या. तालुक्याच्या गावात बाजाराच्या आदल्या दिवशी, म्हणजे बाजारहाट करता येतो. झालेलं काम मोजायचं, वहीत लिहायचं, सही घ्यायची, मग पैसे. उचल द्यावी लागते, सणावाराला नाही म्हणता येत नाही, पण ती झालेल्या कामाच्या पुढे गेली की माणूस हातातून गेला. हे गुत्तेदारालाही लागू.

वेळापत्रक करताना भिंतीवर कालदर्शिका हवी आणि डोक्यात शेत. पाऊस पडला की बिगारी पेरणीला जातात. सोयाबीन काढणीला शेतात जास्त मजुरी मिळते, तेव्हा साइट ओस पडते. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला कुणीही कामावर येत नाही, सगळे वावरात. तुम्हीही जा, भज्जी-आंबील खायचं आमंत्रण कुणी ना कुणी देतंच. पोळा, महालक्ष्म्या, रमजान, होळीला राजस्थानी सुतारांचं गावाला जाणं, छठला बिहारींचं. यातलं काहीच अचानक येत नाही. मालकाला 'लेबर पळालं' म्हणून सांगणाऱ्या गुत्तेदाराने बहुतेक वेळा पंचांग बघितलेलं नसतं.

मजुरांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, हे विचारा. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला आणि वय 18 ते 60 या मुख्य अटी आहेत. बिगारी बायकांना हे बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

तुमचं स्वतःचं

पायात बंद बूट, ओढणी घेऊन ग्राइंडरजवळ जायचं नाही, परांचीवर चढताना आधी हलवून बघायची. लघवीची सोय हा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. तोडफोडीत एक संडास शेवटपर्यंत चालू ठेवायचा, असं नियोजन पहिल्या दिवशीच करा. बिगारी बायकाही तुमच्या नावाने दुवा देतील. संध्याकाळी पेमेंटची रोख घेऊन एकट्याने फिरू नका, जमेल तितकं यूपीआयवर करा.

नकोसं बोलणं किंवा वागणं झालं तर ते 'साइटवर चालायचंच' यात मोडत नाही. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. तशी नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. नोकरी धरताना ही चौकशी करायला लाजू नका.

'साहेब कधी येणार?' हे वाक्य पहिली दोन-तीन वर्षं ऐकायला मिळेल. उत्तर एकच: वही उघडायची आणि आजचं काम सांगायचं.

स्वतःचं काम सुरू करताना

पहिली काही कामं फक्त देखरेखीची घ्या, मटेरियलसकट गुत्ता नको. एक तर मालकाचे लाखो रुपये तुमच्या खात्यातून फिरत नाहीत. दुसरं, सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि मटेरियल धरलं तर दोन-तीन घरांतच तो आकडा येतो. दुकानदाराला मालकाने थेट पैसे द्यावेत, तुमची फी वेगळी. फी खर्चाच्या टक्क्यांवर घेण्यापेक्षा मला ठोक रक्कम बरी वाटते. टक्केवारीत तुम्ही महाग फरशी सुचवली की मालकाच्या मनात पाल चुकचुकते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

फरशीच्या आणि प्लायच्या दुकानातून तुम्हाला कमिशनचं पाकीट येईल. ते घेणाऱ्यांची या धंद्यात कमी नाही. घेतलंत की त्या दुकानाचं हलकं प्लाय तुम्हाला 'चांगलं आहे' म्हणावं लागतं, आणि ओट्याखाली, सिंकजवळ पाण्याला टिकणारं 710 चं प्लाय हवं तिथे हलकं 303 चं येऊन पडतं. तेवढी सूट बिलातच घ्या आणि बिल मालकाला दाखवा.

मालकाचा प्रत्येक बदल व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, रकमेसकट, आणि 'ओके' आल्याशिवाय मिस्त्रीला सांगू नका. मालक, मालकीण आणि पुण्याहून फोन करणारा मुलगा अशी तीन मतं असतील तर शेवटचा शब्द कुणाचा, हे पहिल्याच बैठकीत त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

काम सोपवताना

एक दिवस मालकाबरोबर खोलीखोलीत फिरून उरलेल्या किरकोळ गोष्टींची यादी करा: घासणारं दार, सैल बिजागरी, स्विचवरचा रंग, न बसणारा ड्रॉवर. गुत्तेदारांचे पाच टक्के ही यादी संपेपर्यंत हातात ठेवलेले असावेत, आणि हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत असावं. तुमचा शेवटचा हप्ताही याच यादीला बांधा, म्हणजे मालक ती वाढवत नेत नाही. यादीवर त्याचीही सही घ्या.

मग एक फाइल द्या. झिऱ्यांचे फोटो, रंगाच्या छटांचे नंबर, फरशीचं नाव आणि बॅच, पंप-गीझर-इन्व्हर्टरची वॉरंटी कार्डं, मुख्य व्हॉल्व्ह आणि एमसीबी कुठं आहेत त्याचा हाताने काढलेला नकाशा, प्लंबर आणि वायरमनचे नंबर. उरलेली फरशी दुकानात परत करायला मालक निघेल. एक पेटी माळ्यावर ठेवायला सांगा.